नाव मोकळं आहे का

थोरल्या सुनेचं पित्ताशय काढलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आतले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले होते. सून घरी येऊन गादीवर टेकते न टेकते तोच अप्पा ती बाटली उचलून खाली दुकानात गेले आणि खडे बारीक काट्यावर ठेवून आले.

"किती भरले?" सुनेनं विचारलं.

"थांब जरा. थोरल्याला करू दे."

"अप्पा, खडे माझे आहेत."

"म्हणून काय झालं?"

सुनेला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. दुकानाची रीतच तशी होती. अप्पांचं काम वजनकाटे दुरुस्त करायचं. काटा दुरुस्त झाला की एकानं त्यावर प्रमाण वजनं ठेवून बघायचं आणि गप्प बसायचं. मग दुसऱ्यानं बघायचं, त्यानंही गप्प बसायचं. मग दोघांनी समोरासमोर उभं राहून एकदम आकडा बोलायचा. आकडे जुळले तर काटा गिऱ्हाइकाला, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. "आधी ऐकलं की डोळा तेवढंच बघतो," असं अप्पा म्हणत. या रीतीमुळे काटे बिनचूक जात. शिवाय घरातल्या माणसांना एकमेकांना काहीही न सांगण्याची पक्की सवय लागली होती.

दुकानाला पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं, नुसता तराजू काढलेला होता. लोक दुकानाला 'रतीभर' म्हणत. कुठलाही काटा तपासला की अप्पा मान वर करून सांगत, "रतीभर फरक आहे." पोती मोजायच्या काट्यात चांगला मूठभर फरक असला तरी तो रतीभरच. गिऱ्हाइकाला धक्का बसू नये हा हेतू. हळूहळू काटा बिघडला की माणसं म्हणायला लागली, रतीभरकडे टाक. दुकानही रतीभर आणि अप्पाही रतीभर. अप्पांना त्याचं काही वाटत नसे.

मुलं तीन. थोरला, मधली आणि धाकटा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिन्ही मुलं एकाच लाकडी बाकावर काम शिकली. थोरला दांड्याचे आणि स्प्रिंगचे काटे बघायचा; त्याचे हात मनगटापर्यंत ग्रीसनं काळे असत आणि जेवतानाही पुरते गोरे होत नसत. धाकटा इलेक्ट्रॉनिक काटे बघायचा. त्याच्या शर्टाला तारा जोडताना उडालेल्या कथिलाची बारीक भोकं असत. मधलीचा हात सगळ्यांत हलका. औषधवाल्यांचे आणि सोनारांचे नाजूक काटे लग्न होईपर्यंत तीच बघायची. लग्नानंतर ती दुसऱ्या गावी गेली आणि प्रयोगशाळांचे काटे सांभाळणाऱ्या एका कंपनीत लागली. इलेक्ट्रॉनिक काटे वाढायला लागले तेव्हा कंपनीनं काढून टाकलेला एक संगणक तिनंच दुकानात पाठवून दिला. काट्याची वायर संगणकाला जोडायची, काळा पडदा उघडायचा आणि त्यावर हुकूम टाइप करून काट्याला विचारायचं, तुला किती वाटतंय. काटा आकडा सांगतो. अप्पांना हे फार आवडलं. काटा स्वतःच बोलतोय, मध्ये माणूस नाही.

अप्पा लिहायला वाचायला शिकले तेच मुळी डोक्यात पांढरे केस आल्यावर. इंग्रजी अक्षरं त्यांना त्याहून उशिरा, या संगणकानं शिकवली. त्यामुळे ती त्यांना कीबोर्डावरच्या क्रमानं पाठ होती. शाळेत जाणाऱ्या नातीनं एकदा ए, बी, सी, डी म्हणून दाखवलं तर ते म्हणाले, "कुणीतरी तुला विस्कटून शिकवलंय."

तर त्या वर्षी, सुनेचं पथ्य चालू असताना, एकदा जेवताना धाकट्यानं विषय काढला.

"हल्ली माणसं रस्त्यावर दुकान शोधत नाहीत. फोनवर नाव टाकतात. तिथं आपलं नाव नाही. म्हणजे आपण नाही."

"मग हा जेवतोय कोण?" थोरला म्हणाला.

"तू आहेस, दादा. दुकान नाही."

"दुकानात बसून बसून माझी कंबर गेली आणि हा म्हणतो दुकान नाही."

धाकट्यानं समजावून सांगितलं. इंटरनेटवर प्रत्येक दुकानाला स्वतःचं नाव घ्यावं लागतं. एक नाव एकालाच मिळतं. 'रतीभर' अजून कुणी घेतलेलं नाही, ते आपण घेऊन टाकू. एवढ्यापर्यंत सगळ्यांना पटलं. थोरल्यानं भाजी वाढून घेत विचारलं, "घ्यायचं कुणाच्या नावावर?"

"तेच तर. मालकाचा रकाना एकच असतो."

"मग झालं. थोरला मी आहे."

"त्यातलं कळतं मला."

"कळतं तर दुसरं नाव शोध की."

"तू शोध. तुझा फोन तर बटणांचा आहे. तुला नाव घेऊन करायचंय काय, उशाशी ठेवणार?"

दोन्ही सुनांनी एकमेकींकडे बघितलं आणि पाणी आणायला उठल्या, दोघीही, एकाच तांब्यासाठी.

अप्पा म्हणाले, "माझ्या नावावर घ्या."

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?" दोघं मुलगे एकदम म्हणाले. शब्दही तेच. अप्पांना क्षणभर बरं वाटलं. फार दिवसांनी दोघांचं काहीतरी जुळलं होतं.

पण प्रकरण दिसतं तेवढं लहान नव्हतं, हे अप्पांना माहीत होतं. नव्या बाजारात एक गाळा धाकट्यानं बघून ठेवला होता. गाळ्याचा मालक काट्याचं गिऱ्हाईक, तो स्वतःच अप्पांना सांगून गेला होता की मुलगा चौकशी करत होता, हुशार आहे हो. थोरल्यानंही बायकोजवळ बोलून दाखवलं होतं की याचं एकदा वेगळं निघू दे, मग हा बाक मी खिडकीपाशी हलवणार. बाक जिथं होता तिथं तो अप्पांनी ठेवला होता.

अप्पा आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले होते तेव्हा घरात प्रमाण वजनांचा संच एकच होता. तोही वाटून घ्यायचा ठरला. लाकडी पेटीतली वजनं बाहेर काढून एक याला, एक त्याला अशी वाटली. वाटणी अगदी न्यायाची झाली आणि दोघांपैकी एकालाही नीट काही मोजता येईना. पुढे दोघांनी आपापली उरलेली वजनं करून घेतली, पण अप्पांच्या काट्यानं भावाचा काटा चुकीचा दाखवला आणि भावाच्या काट्यानं अप्पांचा. भाऊ जाईपर्यंत ते तसंच राहिलं. मुलांचं असं होऊ नये, एवढी एकच इच्छा अप्पांना उरली होती. बाकी त्यांचं सगळं झालं होतं, दातसुद्धा.

म्हणून ते म्हणाले, "मग ते नाव कुणीच घेऊ नका. मिळून घ्याल तेव्हा घ्या. जो एकट्यानं घेईल, त्यानं आपली चूल वेगळी मांडली असं मी समजेन."

दोघांनी माना डोलावल्या. जेवण पुढे चालू झालं. थोरल्या सुनेला तेलकट चालत नव्हतं, ते बाकीच्यांनी वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मधलीला फोन लावला.

"एखादं नाव कुणी घेतलंय का, हे आपल्याला ते न घेता बघता येतं का?"

"येतं. काट्याशी बोलता तो काळा पडदा उघडा. त्यावर हू-इज लिहा, जागा सोडा, मग नाव, मग टिंब, मग कॉम. आणि एंटर दाबा."

"हू-इज म्हणजे काय?"

"कोण आहे."

"हे विचारतं कुणाला?"

"नावांची नोंद ठेवणारे असतात, अप्पा. त्यांच्या यंत्राला."

"रोज विचारलं तर चिडत नाहीत?"

"नाही. फारच सारखं विचारलं तर थोडा वेळ उत्तर देत नाहीत."

"म्हणजे चिडतात."

"तसं समजा. नाव कुणी घेतलेलं नसेल तर एवढंच सांगेल की नोंद सापडत नाही. घेतलेलं असेल तर लांबलचक उत्तर येईल."

अप्पांनी एका बोटानं, अक्षर शोधत, हुकूम लिहिला. पडद्यानं सांगितलं, नोंद सापडत नाही. अप्पा बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मग चहा प्यायला वर गेले आणि धाकट्या सुनेला म्हणाले, "आज चहा चांगला झालाय." सुनेला आठवत होतं तेव्हापासून ते असं पहिल्यांदाच म्हणाले होते.

मग तो त्यांचा नेमच झाला. सकाळी दुकानाचं शटर अर्धं उघडायचं, वाकून आत जायचं, दिवा लावायचा, संगणक सुरू करायचा आणि विचारायचं. सापडत नाही म्हटलं की शटर पूर्ण वर. 'सापडत नाही' ऐकून माणसाचा दिवस चांगला जातो, हे त्या गल्लीत फक्त अप्पांच्या बाबतीत खरं होतं.

काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की कीबोर्डाच्या काही बटणांवर ग्रीस आहे. सगळ्यांवर नाही. तेवढ्यांवरच, जी 'रतीभर' लिहायला लागतात. आणि हू-इजला. थोरला तर या संगणकाला हात लावत नसे. त्याला त्याचा आवाज आवडत नाही असं तो म्हणायचा. अप्पांनी बटणं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रीस. त्यांनी पुन्हा पुसली.

एकदा दुपारी जेवून लवकर खाली आले तर धाकटा पडद्यासमोर बसलेला. अप्पांची चाहूल लागताच त्यानं पटकन काट्याशी बोलायची खिडकी पुढे आणली.

"काय करतोयस?"

"काटा तपासतोय."

अप्पांनी वायरीकडे बघितलं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

"किती दाखवतोय?"

"शून्य," धाकटा म्हणाला.

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

म्हणजे तिघंही बघत होते. दुसऱ्यानं नाव घेतलं तर नाही ना, एवढंच प्रत्येक जण बघत होता, आणि दुसऱ्यानं घेतलं नाही हे बघून आपणही घेत नव्हता. नाव मोकळं होतं तोवर घर एक होतं. अप्पांच्या मते ही व्यवस्था उत्तम होती. माणसं मरत नसती तर ती कायमची चालली असती.

दर रविवारी मधलीचा फोन यायचा. अप्पा तिला सगळं सांगायचे.

"अजून सापडत नाही."

"बरं झालं, अप्पा."

"थोरल्यानं बाक मोजला परवा. टेप घेऊन. मी विचारलं तर म्हणतो, सहज."

"असू दे. मी नोकरी सोडायच्या विचारात आहे."

"बरं. आणि धाकट्यानं नवा शर्ट शिवलाय. भोकं नसलेला. कुणाला भेटायला जाणार असेल?"

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "सोडली, अप्पा."

"काय?"

"नोकरी."

"बरं बरं. हे बघ, नाव अजून मोकळं आहे बरं का. आजच बघितलं."

"मोकळं आहे?"

"अगदी मोकळं."

"बरं," मधली म्हणाली.

त्यानंतरच्या बुधवारी अप्पा शटरखालून वाकून आत गेले, हुकूम लिहिला, बटण दाबलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला. त्यांना आधी वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेवढंच लांब उत्तर. मग त्यांनी चष्मा पुसून बोट ठेवत एकेक ओळ वाचली. नाव नोंदवलेलं आहे. केव्हा, तर काल. कुणी नोंदवलं, त्या ओळीत लिहिलं होतं की खाजगी बाब म्हणून माहिती झाकली आहे. खालची ओळ झाकलेली. त्याखालचीही झाकलेली. एवढं लांब उत्तर, आणि जे विचारलं तेवढं सोडून सगळं सांगितलेलं.

त्या दिवशी शटर बराच वेळ अर्धंच राहिलं. एक भाजीवाला वाकून आत डोकावला आणि म्हणाला, "कुणी वारलं का?" अप्पा म्हणाले, "अजून नाही."

कुणाला काही न विचारता त्यांनी दोघांवर नजर ठेवली. थोरला त्या दिवशी शीळ घालत होता. तो कधी शीळ घालत नसे. अप्पांच्या मनात आलं, हाच. दुपारी धाकट्यानं थोरल्याला आपणहून विचारलं, "दादा, चहा घेणार?" अप्पांच्या मनात आलं, नाही, हा. संध्याकाळी थोरल्यानं धाकट्याचा पाना त्याच्या जागेवर नेऊन ठेवला. घरात इतकं सौजन्य मधलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हासुद्धा दिसलं नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की दोघांनीही ते उत्तर बघितलं होतं, दोघांनाही दुसऱ्याचा संशय होता, आणि आता वाटणी होणार तर आपण चांगले होतो असं दिसावं म्हणून दोघंही धडपडत होते.

वर स्वयंपाकघरात धाकटी सून आपली भांडी कोणती आणि मोठ्या जावेची कोणती ते आठवायला लागली होती. मोठी पथ्याचं खात होती, तिचं एक पातेलं आधीच वेगळं झालं होतं. अप्पांनी ते पातेलं ओट्यावर वेगळं ठेवलेलं बघितलं आणि त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारपर्यंत थांबवेना म्हणून त्यांनी शुक्रवारीच मधलीला फोन केला.

"झाकलेलं असलं तर कुणी घेतलं ते कसं कळणार?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अप्पा, त्याबद्दल मला तुम्हाला सांगायचं होतं."

"तू नको सांगू. तू यात पडूच नकोस. हे दुकानाचं आहे, दोघा भावांमधलं आहे. तू उगाच वाईट होशील."

"पण अप्पा,"

"नाही म्हणतोय ना. तुझं तिकडं नीट चाललंय ना?"

"चाललंय."

"मग झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलीला भांडणातून वाचवलं याचं त्यांना जरा समाधान वाटलं. त्या आठवड्यात तेवढंच.

शनिवारी दुकान बंद करायच्या आधी त्यांनी दोघांना बाकापाशी उभं केलं. एकाला बाकाच्या या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला, काट्याचा आकडा बोलायला उभं राहतात तसं. नाव कुणीतरी घेतलंय, हे दोघांना माहीत आहे असं त्यांनी धरूनच टाकलं. दोघंही चकित झाले नाहीत.

"कुणी घेतलं ते एकदम बोला."

"यानं," थोरला म्हणाला.

"दादानं," धाकटा म्हणाला.

"पुन्हा."

"यानं."

"दादानं."

"मी घेतलं असतं तर वापरता आलं असतं का मला?" थोरला म्हणाला. "मला अजून मेसेज पाठवता येत नाही."

"आणि मी घेतलं असतं तर रोज तपासत बसलो असतो?"

"तू रोज तपासत होतास?"

"तू पण. बटणं चिकट असतात."

"ती मी पुसतो," अप्पा म्हणाले. "म्हणजे दोघांनीही घेतलं नाही?"

दोघंही नाही म्हणाले, आणि अप्पांनी आयुष्यभर या दोघांचे आकडे ऐकलेले असल्यामुळे ते खरं बोलतायत हे त्यांना कळलं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण मग घेतलं कुणी, हा प्रश्न उरला. तिघंही बाकाशी उभे राहून विचार करत होते. तिघांच्याही डोक्यात दोन भावांपलीकडे तिसरं कुणी येत नव्हतं. थोरला म्हणाला, एखादा चोर असेल. धाकटा म्हणाला, अशी नावं धरून ठेवणारे लोक असतात. अप्पा म्हणाले, रतीभर या नावाचं चोर करणार काय.

उत्तर घेऊन आला बेकरीवाला, सोमवारी, पिठाचा काटा खांद्यावर टाकून.

"तुमचं फोनवर चालू झालं ते बरं झालं," काटा बाकावर उतरवत तो म्हणाला. "नाव टाकलं, लगेच नंबर आला. लावला तर ताईंनी उचलला. म्हणाल्या, मी दुसऱ्या गावी आहे, पण तुमच्या गावचं दुकान आमचंच, तिकडंच न्या. पत्ता पण सांगितला. मी म्हटलं, पत्ता काय सांगता, मी समोरच राहतो."

त्यानं फोन पुढे केला. वर मोठ्या अक्षरांत 'रतीभर', खाली 'सर्व प्रकारचे काटे दुरुस्त करून मिळतील', आणि एक फोटो. लहानसं स्वच्छ दुकान, एक बाक, बाकामागे मधली. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. अप्पांनी ते कधी बघितलं नव्हतं. ती यायची तेव्हा ते काट्यात डोकं घालून असायचे.

"फरक किती आहे याच्यात?" बेकरीवाल्यानं काट्याकडे बोट करून विचारलं.

तिघंही फोटोकडेच बघत होते, तेव्हा तो संध्याकाळी येतो म्हणून गेला.

"हिचा काय संबंध?" थोरला म्हणाला.

"विचारलं पण नाही," धाकटा म्हणाला.

"लग्न होऊन गेलेल्या मुलीनं..."

"बरोबर बोलतोस, दादा."

थोरली सून जिन्यात पथ्याची पेज घेऊन उभी होती. ती म्हणाली, "लग्न झालेल्या बाईनं काय काय करायचं नाही ते एकदा सांगून टाका. म्हणजे मी पण बघते, माझ्याकडून काय काय होऊन गेलंय."

थोरला बेकरीवाल्याच्या काट्याचे स्क्रू काढायला लागला. पण दोघं भाऊ त्या दिवशी दिवसभर एकमेकांशी बोलत होते. मधलीनं कसं करायला नको होतं, कधी करायला नको होतं, आणि तिला लहानपणापासून कसं डोक्यावर बसवून ठेवलं. गेल्या कित्येक महिन्यांत दोघांचं इतकं एकमत झालं नव्हतं. धाकटा थोरल्याच्या ताटात स्वतः आमटी वाढत होता. शेवटी दोघं मिळून अप्पांसमोर आले आणि म्हणाले, तिला फोन करा आणि नाव परत मागा.

अप्पांनी फोन लावला. दोघं समोर उभे राहिले.

"नाव तू घेतलंस?"

"हो, अप्पा. त्या दिवशी सांगणारच होते. तुम्ही म्हणालात, यात पडू नकोस."

"म्हणालो."

"मग नाही पडले."

"घेतलंस का पण?"

"दुकान काढलंय. दुकानाला नाव लागतं. मला दुसरं कुठलं येत नाही."

अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "नोकरी सोडलीस?"

"सांगितलं होतं तुम्हाला. दोन वेळा."

"मग मी काय म्हणालो?"

"बरं म्हणालात. आणि म्हणालात नाव अगदी मोकळं आहे. मला वाटलं, तुम्ही हो म्हणताय."

अप्पांनी मुलग्यांकडे बघितलं. थोरल्यानं हातानं खूण केली, मागा.

"हे दोघं परत मागतायत."

"तुम्ही मागताय का?"

परत मागावं तर मुलीच्या नव्या दुकानावरची पाटी आपल्या हातानं उतरवल्यासारखं. न मागावं तर या दोघांचा हक्क बुडवल्यासारखं. त्यांनी तिसरंच विचारलं.

"मागितलं तर देशील?"

"देईन. कुणाच्या नावावर करू तेवढं सांगा. रकाना एकच आहे."

अप्पांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि मुलग्यांना म्हणाले, "देते म्हणतेय. कुणाच्या नावावर करू विचारतेय."

थोरल्यानं तोंड उघडलं. धाकट्यानंही उघडलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अप्पा दोघांच्या तोंडांकडे बघत थांबले. दोघांपैकी कुणीही 'माझ्या' म्हणालं असतं, तर त्या बाकावरचं सगळं दुपारच्या आत वाटावं लागलं असतं, पेटीतल्या वजनांसकट.

"राहू दे तिच्याकडेच," धाकटा शेवटी म्हणाला. "दादाकडे तरी नाही ना."

"हो," थोरला म्हणाला. "याच्याकडे नाही म्हटल्यावर काही हरकत नाही."

"राहू दे तुझ्याकडेच," अप्पा फोनमध्ये म्हणाले. "दोघांचंही तेच म्हणणं आहे."

"बरं," मधली म्हणाली. "थोरल्या वहिनींचं पथ्य कुठवर आलं?"

नव्या बाजारातला गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला. धाकट्यानं दोन-तीन महिने नवं नाव शोधलं, पण जे सुचे ते एकतर कुणी घेतलेलं असे किंवा गिऱ्हाइकाला कळणारं नसे. आणि त्याचं वेगळं नाव निघाल्याशिवाय थोरल्यालाही बाक हलवता येईना. वेगळं व्हायला दोघांना दोन नावं लागली असती आणि त्यांना एकही मिळालं नाही, म्हणून ते एकत्र राहिले. मधलीच्या नंबरवर या गावच्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे, ती ते इकडे पाठवायची. भाऊ म्हणायचे, बघ, आता आपल्याला तिनं पाठवलेली गिऱ्हाइकं. दोघं ते एका सुरात म्हणायचे.

अप्पा एकदा बसनं जाऊन तिचं दुकान बघून आले. बाक खिडकीपाशी होता, उजेड चांगला येत होता. त्यांनी तो कुठं असावा याबद्दल काही सांगितलं नाही. परत आल्यावर थोरल्याला एवढंच म्हणाले, "हवा तर हलव तुझा बाक." थोरला म्हणाला, आता सवय झाली.

सकाळी शटरखालून वाकून आत जाणं आणि काळ्या पडद्याला विचारणं त्यांनी सोडलं नाही. उत्तर लांब येई. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचत, झाकलेल्या ओळींसकट. नाव झाकलेलं असलं तरी आता त्यांना ते दिसत असे. मग शटर वर करत.

पुढे मधलीच्या मुलाचं लग्न झालं, त्या वर्षी थंडी पडायला लागल्यावर, एका गुरुवारी सकाळी अप्पा झोपेतच वारले.